पेठेतले दुकान आणि आकाशातले उपग्रह

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून इथे तांब्याची भांडी घडत आली आहेत आणि हातोडीचे एकसारखे ठोके उमटवणाऱ्या मठारकामासाठी ही आळी ओळखली जाते. समजा, याच परिसरात एक छोटे दुकान आहे आणि तिथे जुन्या पितळी पातेल्यांना कल्हई करून मिळते. भांडे निखाऱ्यावर तापवायचे, नवसागराची पूड टाकून मळ काढायचा, कथील टेकवायचे आणि ते वितळले की कापसाच्या बोळ्याने आतून सगळीकडे फिरवायचे. काम दहा-पंधरा मिनिटांचे, पण ते जाणणारे हात आता थोडे उरले आहेत.

तिकडे कोथरूडमध्ये एका घरी सासूबाईंचे पितळी पातेले माळ्यावरून खाली आले आहे. सून मोबाइलवर ‘कल्हई’ एवढा एकच शब्द टाइप करते. सेकंदभरात पडद्यावर नकाशा येतो आणि त्याखाली तीन दुकानांची नावे. तिने आपला पत्ता सांगितलेला नाही. दुकानदाराने जाहिरातीवर एक रुपयाही खर्च केलेला नाही. तरीही पाच-सहा किलोमीटरांवरचे हे दोघे एकमेकांना सापडतात. काही वेळा मात्र सापडत नाहीत आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, तेही दुकानदाराला न कळता. हे सारे कशावर ठरते, याची हकिकत अवकाशापासून दुकानाच्या पाटीपर्यंत पसरलेली आहे.

छापील यादीपासून नकाशापर्यंत

टेलिफोनची यादी छापण्याची कल्पना जवळजवळ टेलिफोनइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात २१ फेब्रुवारी १८७८ रोजी पहिली टेलिफोन डिरेक्टरी निघाली. ती म्हणजे एकच पान होते आणि त्यावर ५० नोंदी होत्या. एकाही नोंदीपुढे नंबर नव्हता, कारण नाव सांगितले की एक्स्चेंजमधला ऑपरेटर फोन जोडून द्यायचा. १८८६ मध्ये शिकागोच्या रूबेन डोनेली यांनी धंदेवार यादी काढली आणि पुढे ‘यलो पेजेस’ जगभर पसरली. नावे वर्णानुक्रमाने छापली जात. त्यामुळे यादीत वर येण्यासाठी कितीतरी कुलूपवाल्यांनी आणि प्लंबरांनी आपल्या दुकानाचे नावच ‘ए’ किंवा ‘ट्रिपल ए’ने सुरू केले. शोधात पहिले येण्याची धडपड संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

आपल्याकडे १९९६ मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत जस्ट डायल सुरू केले. नुसत्या आठ आकड्याचा त्यांचा नंबर फिरवायचा, काय हवे ते सांगायचे आणि पलीकडून दोन-चार दुकानांचे फोन नंबर लिहून घ्यायचे, ही सवय मुंबई-पुण्याला चांगलीच लागली होती.

२००४ मध्ये गूगलने स्थानिक शोधाची स्वतंत्र सेवा सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी सिडनीतली एक छोटी कंपनी विकत घेतली. लार्स आणि जेन्स रासमुसेन हे भाऊ, नोएल गॉर्डन आणि स्टीफन मा या चौघांनी उभ्या केलेल्या या ‘व्हेअर टू टेक्नॉलॉजीज’च्या कामातून ८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगल मॅप्स लोकांसमोर आले. यादी आणि नकाशा एकत्र आले. दुकानदाराने आपली माहिती स्वतः भरायची फुकट सोयही त्याच वर्षी झाली. तिचे बारसे पुढे अनेकदा झाले: आधी लोकल बिझनेस सेंटर, मग प्लेसेस, मग माय बिझनेस आणि नोव्हेंबर २०२१ पासून बिझनेस प्रोफाइल.

एके काळी शोधाच्या पानावर नकाशाखाली सात दुकाने दिसत. ऑगस्ट २०१५ मध्ये ती तीन झाली. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तेवढीच मावतात. बाकीची नावे पाहायला आणखी एकदा बोट लावावे लागते आणि घाईतले गिऱ्हाईक तेवढी तसदी सहसा घेत नाही. म्हणून या तीन जागांना इतके मोल आले.

ग्राहक कुठे उभा आहे?

‘जवळचे’ दुकान दाखवायचे तर आधी ग्राहक कुठे आहे ते कळायला हवे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरांवरून दिवसातून दोनदा पृथ्वीला फेरी घालतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते आणि तो सतत आपली वेळ व जागा सांगत राहतो. मोबाइल किमान चार उपग्रहांचे संदेश पकडतो, प्रत्येक संदेश पोहोचायला किती वेळ लागला ते पाहतो आणि त्यावरून आपली जागा काढतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर. घड्याळाची तेवढीशी चूक झाली तरी कोथरूडचे गिऱ्हाईक दुसऱ्याच गल्लीत दिसेल.

इथे आइनस्टाइनचा सापेक्षतावादही कामाला येतो. वरती गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे उपग्रहातले घड्याळ पुढे पळते आणि उपग्रहाच्या वेगामुळे ते किंचित मागेही पडते. वजाबाकी करून ते रोज साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात अंतराची चूक दहा किलोमीटरांच्या वर जाईल. २ मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ती थांबली आणि आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलही आपली जागा सुमारे पाच मीटरांपर्यंत सांगतो. घरात किंवा वाड्याच्या बोळात उपग्रह नीट दिसत नाहीत. तिथे आसपासचे वायफाय आणि मोबाइलचे टॉवर मदतीला येतात.

पृथ्वीचे चौकोन

ग्राहक कळला. आता नकाशावरच्या कोट्यवधी नोंदींतून त्याच्या जवळच्या नोंदी वेचायच्या. प्रत्येक दुकानापर्यंतचे अंतर मोजत बसले, तर सेकंद पुरणार नाही. म्हणून पृथ्वीचे आधीच चौकोन पाडून ठेवतात. गूगलच्या अभियंत्यांनी घडवलेल्या ‘एस-टू’ या पद्धतीत पृथ्वीचा गोल घनाच्या सहा बाजूंवर उलगडतात, प्रत्येक बाजूचे चार तुकडे करतात, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार, असे तीस पायऱ्यांपर्यंत. शेवटचा तुकडा चौरस सेंटिमीटराएवढा उरतो. या सगळ्या तुकड्यांना क्रमांक देताना डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १८९१ मध्ये मांडलेली वळणावळणाची रेषा वापरतात. तिची खुबी अशी की जवळजवळचे क्रमांक प्रत्यक्षातही शेजारीशेजारी असतात. त्यामुळे संगणकाला सगळी यादी चाळावी लागत नाही. ग्राहकाच्या चौकोनाचे आणि त्याच्या शेजारच्या चौकोनांचे क्रमांक काढले की पुरते. शुद्ध गणितातले कुतूहल सव्वाशे वर्षांनी कल्हईवाल्याच्या उपयोगी पडले.

याच विचारातून तयार झालेला ‘प्लस कोड’ दुकानदाराने जरूर समजून घ्यावा. यात पृथ्वीचे आधी २० अंशांचे मोठे चौकोन केले आहेत. मग प्रत्येक पायरीवर चौकोनाच्या दोन्ही बाजूंचे वीस-वीस भाग पडतात. खुणा वीसच आहेत. त्यात स्वर नाहीत, म्हणजे चुकून एखादा भलता शब्द तयार होत नाही. आणि शून्य-ओ, एक-आय असे घोटाळ्याचे जोडही नाहीत. पुण्याचा हिशेब करून पाहू. १८ ते १९ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश यांच्यामधला सगळा प्रदेश ‘सात, जे, सी, एम’ या चार खुणांत येतो. पुढची ‘जी, व्ही’ ही जोडी शनिवारवाड्याभोवतालचा साडेपाच किलोमीटरांचा चौकोन दाखवते. आणखी दोन जोड्या लावल्या की आपण सुमारे १४ मीटरांच्या चौकोनावर, म्हणजे जवळजवळ दुकानाच्या उंबऱ्यावर येतो. ज्या गल्लीला नाव नाही आणि घराला नंबर नाही, तिथेही हा पत्ता चालतो.

पत्ता आकड्यांत बसवण्याच्या कामात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले हे अधिकारी संस्कृतचे कवीही होते. त्यांनी दिलेल्या सहा आकड्यांवरच आजही आपली टपाल व्यवस्था चालते. २७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने ‘डिजिपिन’ आणला. त्याची दहा चिन्हे देशातला सुमारे चार मीटर बाय चार मीटरांचा तुकडा नेमका दाखवतात.

तरीही आपल्याकडे वाट विचारणारा माणूस मारुतीचे देऊळ आणि वडाचे झाड विचारतो. गूगलने हे ओळखले आणि डिसेंबर २००९ मध्ये भारतातल्या नकाशात रस्त्याच्या नावांबरोबर ओळखीच्या खुणाही सांगायला सुरुवात केली. रस्त्यावरून प्रत्यक्ष दिसणारे चित्र दाखवणारी ‘स्ट्रीट व्ह्यू’ सेवा जुलै २०२२ मध्ये देशातल्या दहा शहरांत आली. त्यांतली मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही चार महाराष्ट्रातली होती.

तीन कसोट्या

जवळची दुकाने निघाली, पण त्यांतली तीन कोणती? गूगलने याच्या तीन कसोट्या जाहीर केल्या आहेत: विचारलेल्या गोष्टीशी दुकानाचा मेळ, ग्राहकापासूनचे अंतर आणि दुकानाचा लौकिक. प्रत्येकीला वजन किती, हे मात्र गुपित आहे आणि ते बदलतही राहते. डिसेंबर २०२१ च्या बदलानंतर अंतराला आणखी महत्त्व आल्याचे या क्षेत्रातल्या जाणकारांच्या लक्षात आले. पैसे भरून या क्रमात वर जाता येत नाही, हे कंपनीने स्पष्ट लिहिले आहे. पैसे भरून मिळते ती जाहिरात आणि तिच्यावर तशी खूण असते.

अंतर दुकानदाराच्या हातात नाही. पण दूरचे दुकान हवी ती गोष्ट देण्याची शक्यता जास्त असेल, तर यंत्र त्याला जवळच्या दुकानाच्या वर ठेवू शकते. कोथरूडमध्ये स्टीलच्या भांड्यांची दहा दुकाने असतील. ‘कल्हई’ विचारल्यावर कसब्यातले नाव वर यावे, हे यंत्रालाही पटते. अट एकच: त्या दुकानात कल्हई होते, हे यंत्राला कुठूनतरी कळलेले असले पाहिजे.

बहुतेक छोटी दुकाने अडतात ती इथेच. नोंदीत ‘भांड्यांचे दुकान’ एवढेच असते. धंद्याचे प्रकार ठरावीक यादीतून निवडायचे असतात आणि त्या यादीत कल्हईवाला सापडेलच असे नाही. मग मुख्य प्रकार सर्वांत जवळचा निवडावा, जोडीला दुसरे प्रकार द्यावेत आणि ‘सेवा’ व ‘वर्णन’ या रकान्यांत काम साध्या शब्दांत लिहावे: पितळी पातेल्यांना कल्हई, तांब्याच्या हंड्यांची डागडुजी, बंबाची दुरुस्ती. हाच शब्द कोणी रोमन लिपीत लिहितो, कोणी हिंदीसारखे ‘कलई’ म्हणतो. ही सगळी रूपे वर्णनाच्या एखाद-दोन वाक्यांत सहज बसतात.

लिपीचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यातल्या प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असणे बंधनकारक झाले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी देवनागरीत आणि शोध बऱ्याचदा रोमनमध्ये, अशी आपली स्थिती. जानेवारी २०२१ पासून गूगल मॅप्स मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांच्या नावांचे आपोआप लिप्यंतर करते. तरी आडनावे आणि आद्याक्षरे यंत्र कशीही वाचते. आपल्या दुकानाचे नाव दोन्ही लिप्यांत शोधून पाहावे आणि चुकले असेल तर दुरुस्ती सुचवावी.

दुकानदाराच्या हातातले

पहिले काम नोंद आपल्या ताब्यात घेण्याचे. पूर्वी पोस्टाने कार्ड यायचे आणि त्यावरचा आकडा भरावा लागायचा. आता बहुधा मोबाइलवर सलग व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. त्यात रस्त्याची पाटी, दुकानाची पाटी आणि आतली अवजारे दिसावीत. दुकान आपलेच आहे हे दाखवायला स्वतः कुलूप उघडण्यासारखी कृतीही चालते.

नाव पाटीवर आहे तेच लिहावे. नावापुढे ‘पुण्यातील सर्वोत्तम कल्हई’ असे शेपूट जोडणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी नोंद बंद होऊ शकते. नकाशावरची खूण बोळाच्या तोंडाशी न ठेवता दुकानाच्या दारावर आणून ठेवावी. नाव, पत्ता आणि फोन नंबर सगळीकडे एकच असावा. जस्ट डायलवर जुना नंबर, फेसबुकवर मुलाचा आणि गूगलवर तिसराच, असे असले की गिऱ्हाईकही गोंधळते आणि यंत्रही.

वेळेचा रकाना बरेच जण वरवर भरतात. दुकान त्या क्षणी उघडे आहे की बंद, यालाही यंत्र वजन देते. दुपारी एक ते चार बंद ठेवणाऱ्यांनी तसे खुशाल लिहावे; दिवसाचे दोन भाग देण्याची सोय आहे. गणपती, दिवाळी आणि गावची जत्रा यांच्या सुट्ट्या आधी टाकाव्यात. ‘उघडे’ वाचून आलेल्या माणसाला बंद शटर दिसले, तर तो परत येत नाही आणि जाताना एक तारा देऊन जातो.

फोटो स्वतः काढलेले असावेत. काळवंडलेले पातेले आणि कल्हईनंतर चांदीसारखे उजळलेले तेच पातेले, अशी जोडी वर्णनाच्या दहा ओळींहून अधिक सांगते. घरोघरी जाऊन काम करणाऱ्या प्लंबर-इलेक्ट्रिशियनने घरचा पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवला तरी चालते.

वेबसाइट असेल, तर तिच्यात यंत्राला वाचता येईल अशी माहिती घालता येते. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये ‘स्कीमा’ नावाची सामाईक परिभाषा त्यासाठीच ठरवली. वेबसाइट करणाऱ्या मुलाला ‘लोकल बिझनेसचा स्कीमा घाल’ एवढे सांगितले की त्याला कळते. ॲपलचा नकाशा, बिंग, भारतीय बनावटीचे मॅपल्स आणि कोणालाही भर घालता येणारा ओपनस्ट्रीटमॅप इथेही नोंद फुकट करता येते. सगळी भिस्त एकाच कंपनीवर ठेवू नये. बिझनेस प्रोफाइलमधून तयार केलेल्या फुकट वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तेव्हा कितीतरी छोट्या व्यावसायिकांचे पान गेले.

पाच तारे आणि एक शेड

लौकिक म्हणजे दुकानाबद्दल इतर काय बोलतात ते. त्यात बातम्या आणि इतर वेबसाइटवरचे उल्लेख येतात, तसेच ग्राहकांचे अभिप्राय येतात. अभिप्रायांची संख्या आणि सरासरी तारे यांचा क्रमावर परिणाम होतो, असे गूगल स्वतः सांगते. अभिप्रायातले शब्दही वाचले जातात. ‘आजीच्या पातेल्याला छान कल्हई करून दिली’ असे कोणी लिहिले, की पुढच्या शोधात नावाखाली ते वाक्य झळकू शकते.

ताऱ्यांची किंमत पैशांतही मोजली गेली आहे. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिएटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास केला. येल्प या वेबसाइटवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. हा परिणाम स्वतंत्र, छोट्या उपाहारगृहांवर दिसला. साखळीच्या मोठ्या नावांवर नाही. मोठ्या नावाची ओळख आधीच झालेली असते. छोट्याची ओळख अभिप्राय करून देतात.

जिथे पैसा, तिथे लबाडी आलीच. २०१७ मध्ये लंडनच्या ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या बागेतल्या शेडला ‘द शेड ॲट डलिच’ असे उपाहारगृहाचे नाव दिले. शेव्हिंगच्या फेसासारख्या वस्तू वापरून पदार्थांचे फोटो काढले आणि मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले. काही महिन्यांत ट्रिपॲडव्हायझरवर ते लंडनमधले पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह झाले, आणि तोवर तिथे एकही ताट वाढलेले नव्हते.

अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे. गूगलने २०१८ या एका वर्षात तीस लाखांहून अधिक खोट्या दुकानांच्या नोंदी काढल्याचे जाहीर केले होते. सवलत देऊन अभिप्राय घेणे, पैसे देऊन तारे विकत घेणे आणि फक्त खूश ग्राहकांकडूनच अभिप्राय मागणे, हे सगळे नियमाविरुद्ध आहे. काम झाल्यावर ‘ताई, जमलं तर दोन ओळी लिहा’ एवढे प्रत्येकाला म्हणणे नियमात बसते आणि पुरतेही. तक्रारीला सौम्य, नेमके उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढची शंभर गिऱ्हाइके वाचतात.

‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा, पहिल्या नंबरवर आणतो’ असा फोन आला, तर खुशाल ठेवून द्या. तसा नंबर विकायला कोणाकडेच नाही. ओटीपी आणि प्रोफाइलचा पासवर्ड कोणालाही देऊ नका. काम एजन्सीला दिले असले, तरी प्रोफाइलची मालकी स्वतःच्या ईमेलवर ठेवा आणि एजन्सीला फक्त व्यवस्थापकाचा हक्क द्या. कोणीही परका माणूस तुमच्या दुकानाची वेळ बदलायला किंवा ‘कायमचे बंद’ असे सुचवायला मोकळा आहे, म्हणून महिन्यातून एकदा आपली नोंद ग्राहकाच्या नजरेने पाहत जा.

उपग्रह, हिल्बर्टची रेषा आणि अणुघड्याळे यांचे काम फुकट चालू आहे आणि ते तुमच्यासाठी कोणी थांबवणार नाही. त्यांना तुमच्याकडून लागते ती खरी, पूर्ण आणि ताजी माहिती. ती भरायला एक दुपार पुरते. शेजारच्या शिंपीकाकांना, पिठाची गिरणी चालवणाऱ्या मावशींना मोबाइलवर हे जमत नसेल, तर घरातल्या कॉलेजच्या मुलामुलींनी त्यांच्याजवळ बसून ती भरून द्यावी.